उन्हात नेलं, कारण ॲप उन्हातच चालणार होतं

भाऊ (ताई असाल तर माफी, आयडीवरून काही कळून नाही राहिलं), तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं की लोकेशनवर चालणाऱ्या ॲप्सच्या स्पर्धेत आम्ही परीक्षकांनी एवढं भारी एआर ॲप (कॅमेऱ्यातल्या दृश्यावर बाण आणि माहिती दाखवणारं) सोडून बसचा स्टॉप जवळ आला की वाजणाऱ्या साध्या अलार्मला पहिला नंबर दिला, पोरांना एसी हॉलमधून उठवून रस्त्यावर नेलं तो नुसता तमाशा, गुगलने २००८ च्या अँड्रॉइड ॲप स्पर्धेत कोणाला असं उन्हात उभं केलं नव्हतं, आणि तशीही ही ॲप्स तीन महिन्यांत मरतात.

मरतात, मान्य. बहुतेक मरतातच. पण २००८ चं उदाहरण तुम्हीच काढलं म्हणून सांगतो, त्या अँड्रॉइड स्पर्धेत आधी ५० जण निवडले, प्रत्येकी २५,००० डॉलर दिले, आणि त्यातून पुढे मोठं बक्षीस घेतलेलं, घरच्यांचं लोकेशन दाखवणारं लाइफ३६० आजही लोकांच्या फोनमध्ये आहे. आणि उन्हात कसं नेणार हो? अँड्रॉइडचा पहिला फोनच बाजारात आला त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, स्पर्धा त्याआधीच आटोपली होती. पोट्ट्यांनी एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) अक्षांश-रेखांश हाताने टाकून काम केलं, तेव्हा तोच एक रस्ता होता. आज खिशात फोन असताना आपण तेच का करायचं?

आता एआर. हॉलमध्ये मीपण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. कॅमेरा धरला की नागपूरच्या झिरो माईलच्या खांबावर बाण, खाली इतिहास, घोड्यांची माहिती, सगळं झकास. मग आम्ही खरोखर झिरो माईलला गेलो. खांबापासून पाच-सहा मीटरवर उभे, आणि बाण दाखवून राहिला मागे, रस्त्याकडे. पोरगा फोन आठच्या आकड्यात फिरवून कंपास सरळ करून राहिला, मी टोपी सांभाळून राहिलो. गंमत बघा, मोकळ्या आकाशाखालीही फोनच्या जीपीएसमध्ये साधारण पाच मीटरची चूक धरूनच चालायचं असते. वस्तू ५०० मीटरवर असली तर त्या पाच मीटरने बाण जेमतेम हलतो, पण वस्तूच पाच मीटरवर असली तर बाण कुठेही जाईल, तुमच्या पाठीमागेसुद्धा. म्हणजे ज्या जागेसाठी ॲप केलं तिथेच ते हमखास फसणार, आणि हॉलमध्ये ते दिसलं नाही कारण तिथे लोकेशन कोडमध्येच लिहून ठेवलं होतं. टीम हुशार आहे, याबद्दल वाद नाही, पण हे आधी एकदा तिथे जाऊन बघायला बाजूच्याच बर्डीहून चालत किती वेळ लागते?

आता बस अलार्मवाल्या टीमचं ऐका. तुम्ही म्हणता "जिओफेन्स लावला की झालं, दहा ओळींचा कोड". जिओफेन्स म्हणजे नकाशावर आखलेलं वर्तुळ, फोन त्यात शिरला की ॲपला कळते. त्यांनीपण आधी तेच केलं, स्टॉपभोवती १५० मीटरचं वर्तुळ. मग शहराच्या 'आपली बस'मध्ये बसून पाहिलं तर स्टॉप गेल्यावर अलार्म वाजला. कारण ॲप मागे चालू असलं की बॅटरी वाचवायला अँड्रॉइड लोकेशन सतत बघत नाही, वर्तुळात शिरल्याचं कळायला दोन-तीन मिनिटं सहज लागू शकतात, आणि ताशी ३० च्या वेगाने बस दोन मिनिटांत एक किलोमीटर पुढे जाते. म्हणजे उतरायचं होतं छत्रपती चौकात आणि जाग आली त्याच्या पुढे. मग त्यांनी बाहेरचं वर्तुळ दोन किलोमीटरचं केलं, त्यात शिरलं की मगच जीपीएस पूर्ण जागं करायचं आणि शेवटचं अंतर बारीक मोजायचं. बॅटरी वाचली, स्टॉपपण सापडला. पोरगी वहीत प्रत्येक फेरीची वेळ लिहून आणायची, चार दिवसांची पानं माझ्यासमोर ठेवली, वर तिकिटंही पिनने लावलेली. मी मार्क त्या वहीला दिले, आणि परत द्यायची वेळ आली तर परत देईन.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे आणि ती मी मूळ लेखात दुरुस्त केली. "वर्धा रोडवर १०० टक्के चालते" असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं. तिथे खाली रस्ता, वर फ्लायओव्हर, त्याच्याही वर मेट्रो, आणि नकाशावर तिघांचे अक्षांश-रेखांश एकच. खालून जाताना डोक्यावरच्या काँक्रीटने उपग्रह झाकले जातात, सिग्नल खांबांवर आपटून येतो आणि ठिपका बाजूच्या गल्लीत उडी मारतो. आणि कोणी कारने वरून मिहानला जात असेल तर खालच्या स्टॉपचा अलार्म वाजून बसेल, ॲपला वरचं-खालचं कळतच नाही. हवेच्या दाबावरून उंचीचा अंदाज घेता येतो, साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक मिलिबारने उतरतो, पण तो सेन्सर स्वस्त फोनमध्ये बहुतेक नसतोच, आणि बसने जाणाऱ्याच्या हातात तोच फोन असते. पोरांना हे सांगितलं, सध्या त्यांनी "फक्त बसमध्ये वापरा" अशी सूचना टाकली आहे, जी कोणीच वाचणार नाही.