‘हप्ता भाडेकरूच भरतो’: हे गणित मांडून तरी बघा

भाड्याने द्यायला घर घेण्याबद्दलचा एक सल्ला सतत पुढे ढकलला जातो. त्याचा गाभा असा: स्वतःचे २० टक्के घाला, ८० टक्के बँक देईल. हप्ता भाडेकरू भरेल. भाडं दरवर्षी वाढेल, हप्ता मात्र तोच राहील. जमीन नव्याने तयार होत नाही, म्हणून किंमत पडणार नाही. पहिल्या घराची किंमत वाढली की त्यावर वाढीव कर्ज काढून दुसरं घ्या, मग तिसरं.

नोकरी करणारी, काटकसरीने पैसे साठवलेली माणसं यावर विश्वास ठेवून वीस वर्षांच्या कर्जावर सह्या करतात. म्हणून एकेक विधान तपासायला हवं.

‘हप्ता भाडेकरू भरेल.’ सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. घराची किंमत १०० धरा. कर्ज ८०, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. वर्षाचे हप्ते होतात ८.६४. आता किमतीच्या ५ टक्के भाडं येतं असं समजू, म्हणजे वर्षाला ५. वर्षातला एक महिना घर रिकामं राहिलं की उरले ४.५८. दुरुस्ती, विमा, मालमत्ता कर, देखभाल, दलाली या सगळ्याला मिळून किमतीचा १ टक्का धरला (हा काही फुगवलेला अंदाज नाही), की हातात राहतात ३.५८. हप्ता ८.६४ आणि हातात ३.५८. मधले पाच दरवर्षी मालकाच्या पगारातून जातात. चार वर्षांत ही भर सुरुवातीला घातलेल्या २० एवढी होते. म्हणजे ‘फक्त २० टक्के घाला’ हे वाक्यही टिकत नाही, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी यांचा खर्च तर अजून धरलेलाच नाही.

यावर उत्तर येतं की हप्त्यात मुद्दलही असतं, म्हणजे ती बचतच आहे. बरोबर, पण किती? पहिल्या वर्षीच्या ८.६४ पैकी ७.१४ निव्वळ व्याज असतं. हातात आलेलं भाडं त्या व्याजाचाही जेमतेम अर्धा भाग भागवतं. या कर्जाचं मुद्दल निम्म्यावर यायला १४ वर्षं लागतात.

मग हे कुठेच जमत नाही का? जमतं. भाडं किमतीच्या ८ टक्के आणि व्याज ५ टक्के असेल, तर याच खर्चांनंतर हातात ६.३३ उरतात आणि वर्षाचे हप्ते होतात ६.३४. तेव्हा भाडेकरू हप्ता भरतो असं म्हणता येईल, तेही घर सलग दोन महिने रिकामं राहिलं नाही तर. पण सल्ला देणारे ही अट कधीच सांगत नाहीत. भाडं आणि व्याज यांचं नातं काय, हा प्रश्न गाळून बाकी सगळं बोललं जातं. याचाच मला सर्वात जास्त राग येतो.

कर्ज देणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. अमेरिकेत गृहकर्जं विकत घेणारी फॅनी मे ही संस्था पात्रता ठरवताना भाड्याचं उत्पन्न साधारणपणे ७५ टक्केच धरते. उरलेलं रिकामे महिने आणि देखभाल यांत जाणार, असं ती आधीच गृहीत धरते.

‘भाडं वाढेल, हप्ता तोच राहील.’ भाडं वाढतं हे खरं. पण वरच्याच उदाहरणात हातात येणारं भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं, तरी हप्त्याला गाठायला जवळपास १८ वर्षं लागतात. कर्ज २० वर्षांचं आहे! आणि हप्ता तोच राहतो तो फक्त स्थिर दराच्या कर्जात. बदलत्या दराचं कर्ज असेल आणि सुरुवातीलाच दर ९ वरून १० टक्के झाला, तर हप्ता सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. हप्ता न वाढवता मुदत वाढवली तर २० वर्षांचं कर्ज २६ वर्षांचं होतं. बऱ्याच जणांना हे मुदतीचं पत्र हातात आल्यावरच कळतं. दर वाढले म्हणून चालू करारातलं भाडं वाढवता येत नाही, आणि भाडेकरूचा पगारही त्या महिन्यात वाढलेला नसतो. तोही नोकरी करणारा माणूस आहे. मंदीत त्याची नोकरी जाऊ शकते, तशीच मालकाचीही.

‘किंमत पडत नाही.’ याला इतिहासच उत्तर देतो. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फुगा फुटला आणि जमिनीचे भाव दहा वर्षांहून अधिक काळ उतरत राहिले. अमेरिकेत घरांचे सरासरी भाव २००६ ते २०१२ या काळात एक चतुर्थांशाहून अधिक घसरले. दोन्हीकडे जमीन तेवढीच होती. विकत घेणाऱ्यांची ऐपत आणि कर्जाची उपलब्धता आटली होती.

स्वतःचे २० आणि कर्ज ८० असताना किंमत १० टक्के पडली, तर स्वतःच्या पैशातले निम्मे गेले. २० टक्के पडली तर सगळे. कर्ज नफा वाढवतं हे जितकं खरं, तितक्याच प्रमाणात ते तोटाही वाढवतं.

‘पहिल्यावर कर्ज काढून दुसरं घ्या.’ वाढीव कर्ज ही कमाई नव्हे. पहिल्या घराचं भाडं आधीच हप्त्याला पुरत नव्हतं, आता त्याचा हप्ता आणखी मोठा झाला. दुसऱ्या घराची तूटही त्याच पगारातून भरायची. सगळी घरं एकाच भागात असतील तर ती रिकामीही एकाच वेळी पडतात. एक विकून सुटू म्हटलं, तर त्याच काळात गिऱ्हाईक नसतं. विकायला महिने लागतात, हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून वळता होतो. तो चुकला की बँक ‘भाडेकरूने दिलं नाही’ हे कारण ऐकून घेत नाही. करारावर सही मालकाची असते, आणि पहिलं घरही त्याच कर्जाला तारण ठेवलेलं असतं.