मान खाली, सूर खाली

तोक्योत नोकरीला आलेल्या माणसाने गुमान नोकरी करावी. मी शाकुहाची शिकायला गेलो. साधारण 54 सेंटिमीटरची बांबूची बासरी, उभी धरायची. पुढे चार भोकं, मागे एक. लहानपणी आईने भातखंडे स्वरलिपी गिरवून घेतलेली, तेव्हा पाच भोकांचं ते काय!

सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, स्वरलिपीचा कागद हातात दिला, तर मला वाटलं कोणाचा तरी तपासलेला पेपर आहे. जिकडेतिकडे बरोबरच्या खुणा, कडेला बारीक फुल्या. त्या काताकाना या जपानी लिपीतल्या निघाल्या. बरोबरची खूण म्हणजे ‘रे’. चौकोन म्हणजे ‘रो’. दोन उभ्या काड्या ‘री’. आणि फुली म्हणजे ‘मेरी’, हनुवटी खाली घ्या, सूर उतरवा.

आठवडाभर घासून पाठ केलं. सेन्सेईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “छान. आता उजवीकडून वाचू या.” ओळी उभ्या असतात आणि पहिली ओळ उजव्या कडेला असते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. जुने कोमुसो भिक्षू डोक्यावर चेहरा झाकणारी टोपली घालून का वाजवायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

बरं, अक्षर सूर सांगत नाही, बोटं कुठे ठेवायची ते सांगतं. खालच्या सप्तकाला जे अक्षर, बहुतेक तेच वरच्याला. भातखंडे बिचारे खालच्या-वरच्या सप्तकातल्या प्रत्येक सुराला टिंब देतात. इथे सुरुवातीला एकदा ‘ओत्सु’ (खालचं सप्तक) किंवा ‘कान’ (वरचं) लिहिलं की पुढचं तुम्ही लक्षात ठेवायचं. पुन्हा आमचे सेन्सेई किंको घराण्याचे. 1896 साली ओसाकात निघालेल्या तोझान घराण्यात ‘री’ला ‘हा’ म्हणतात. घराणं बदललं की बाराखडी बदलते, हे ऐकून मात्र मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

खरी पंचाईत फुलीची. मान हलवायला तीन वर्षं लागतात, अशी इकडे म्हणच आहे. मान हलवण्यात आपला हात कोण धरणार? पण आपली हलते आडवी, आणि होय की नाही ते आपल्यालाही नक्की ठाऊक नसतं. सेन्सेई विचारतात, “कळलं?” मी वाजवता वाजवताच होकार देतो, आणि सूर धाडकन खाली.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला पाच सूर ऐकवले. रो, त्सु, रे, ची, री. कॅमेऱ्यापुढे कागदही धरला. ती डोळे मिटून ऐकत होती.

“अरे, हा तर धानी राग!”

मी खूश. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी ओळखलं होतं.

“पण काय रे,” तिने चष्मा लावून कागद न्याहाळला, “ही बरोबरची खूण कसली?”

“ती ‘रे’ आहे, आई.”

“वाजतोय तर मध्यम! आणि धानीत रे वर्ज्य असतो.”