‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठे?

सोसायटीच्या ग्रुपवर काल पुन्हा तोच विनोद. हवामान खात्याने पाऊस सांगितलाय, म्हणजे गोधड्या बिनधास्त गच्चीवर टाका. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मीही वर्षानुवर्षं हसलोय. पण माझ्या मामांची निफाडला द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर त्यांच्याकडे दोन दिवस काढले की हा विनोद पुळचट वाटायला लागतो.

मामा पहाटे उठले की आधी फोन, मग चहा. बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग आणि घडांची गळ, मणी भरल्यावर झाला की तडे. फवारा मारला आणि तासाभरात सर आली तर औषध धुऊन जातं, ट्रॅक्टरचं डिझेल वाया जातं ते वेगळंच. गेल्या वर्षी अंदाज होता, ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’. मामा वैतागून म्हणाले, “तुरळक म्हंजी माझ्याकडं का शेजारच्याकडं? तू शिकलेला ना, सांग.”

मला सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं, तर खात्याच्या भाषेत या शब्दांना चक्क मापं आहेत. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी. २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी. ‘मुसळधार’सुद्धा उगाच म्हणत नाहीत, २४ तासांत ६४.५ मिलिमीटर तरी पडावा लागतो. म्हणजे ‘तुरळक’चा अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी चारातले तीन जण कोरडेच राहणार. आणि ग्रुपवर विनोद टाकणारे हेच तीन.

त्यात आपला नाशिक जिल्हा असा की इगतपुरीत छत्री उलटी होते तेव्हा सिन्नरला धूळ उडत असते. खातं ‘नाशिक’ आणि ‘नाशिक घाट’ असे वेगळे इशारे देतं. फॉरवर्ड होता होता त्यातला ‘घाट’ गळतो, नारंगी रंग तेवढा उरतो.

खात्याला मी क्लीन चिट देत नाहीये. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारा पडल्या, त्या बागा मी पाहिल्यात. पानांच्या चिंध्या, तारांवर नुसत्या काड्या. गारांचा ढग तासा-दोन तासांत उभा राहतो, रुंदी जेमतेम काही किलोमीटर. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या खात्याच्या नव्या अंदाज-प्रणालीची चौकट, म्हणजे ती एका वेळी पाहते तो सगळ्यात लहान तुकडा, ६ किलोमीटरची आहे, आधी १२ ची होती. सुधारणा मोठी, पण आमच्याकडे तेवढ्यात दोन गावं आरामात बसतात. कुणाच्या शिवारात गारा पडतील, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही.

यूट्यूबवरचे अंदाजवाले मात्र तालुका, तारीख, वार सगळं छातीठोक सांगतात. मामांचा विश्वास त्यांच्यावर, कारण ते ‘निफाड’ म्हणतात. चुकले की पुढचा व्हिडिओ. माझा खात्यावर राग आहे तो इथे. मंगळवार-शुक्रवारच्या कृषी सल्ल्यात ‘तुरळक’पुढे ‘चारात एक, फार तर’ एवढं लिहायला काय हरकत आहे?

परवा रात्री मामांचा फोन. “आज परत तुरळक लिहिलंय रे.”

“मामा, चारात एक. त्याहून जास्त नाही.”

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “मंग पहाटं मारून घेतो.” साडेपाचला मी फोन लावला, तर मागे फवारणीच्या ब्लोअरच्या आवाजात काही ऐकूच येईना.