रात्री दोन वाजता घरात कोण कुजबुजतंय?

पुण्यात कोणालाही 'गोल्फ' म्हणून बघा, समोरचा हमखास गोल्फ क्लब चौकातल्या ट्रॅफिकबद्दल बोलायला लागतो. येरवड्यात खरंच गोल्फ कोर्स आहे आणि तिथे माणसं खेळतात हे सगळ्यांना माहितीये, पण मनावर कोणी घेतलेलं नाही. अशा गावात मी गोल्फची फॅन आहे. खेळत नाही, नुसती बघते. हे सांगितलं की पहिला प्रश्न, "अय्या, तुम्ही खेळता?" नाही हो, काठी हातातसुद्धा धरलेली नाही आयुष्यात. कुस्त्यांचा फड बघायला जाणाऱ्याला कोणी विचारतं का, तुम्ही लंगोट कधी कसता म्हणून? पण गोल्फ बघायचं म्हणजे एकतर नवरा बिल्डर पाहिजे, नाहीतर आपण तरी रिटायर्ड ब्रिगेडियर. मी बँकेत काउंटरला असते.

याचं खापर टायगर वुड्सवर. २००५ च्या मास्टर्समध्ये सोळाव्या होलला त्याने हिरवळीच्या बाहेरून चिप, म्हणजे छोटासा उचलून टोला मारला, बॉल भलतीकडेच मारल्यासारखा वाटला, मग उतारावरून वळून सावकाश खाली आला, अगदी कपाच्या काठावर येऊन थांबला, त्याच्यावरची कंपनीची खूण दिसेपर्यंत थांबला, आणि मग पडला. मी ते बातम्यांमध्ये पाहिलं आणि कामातून गेले.

खरा ताप आहे वेळेचा. मोठ्या स्पर्धा चार, त्यांना मेजर म्हणतात. एप्रिलमध्ये मास्टर्स, मेमध्ये पीजीए, जूनमध्ये यूएस ओपन, जुलैमध्ये ओपन. पहिल्या तिन्ही अमेरिकेत, आणि त्यांची रविवार संध्याकाळ म्हणजे आपली सोमवारची पहाट. एकटी ओपन ब्रिटनकडे असते म्हणून अकराच्या सुमाराला आटपते, फार सभ्य स्पर्धा आहे ती. बाकी वेळी मी आवाज दोनवर ठेवून हॉलमध्ये बसलेली. बरं गोल्फची कॉमेंट्री मुळातच कुजबुजत असते, त्यामुळे आवाज दोनवर ठेवला की घरात चोर शिरलेत आणि आपसात काहीतरी ठरवतायत असंच वाटतं. नवरा एकदा खरंच मोबाईलचा टॉर्च लावून बाहेर आला होता.

त्याला मी खेळ समजवायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण त्याचं सगळं डोकं शेअर मार्केटमध्ये. होल पुरा करायला ठरवून दिलेले फटके म्हणजे पार. मास्टर्सच्या बोर्डावर पारच्या खालचे आकडे लाल असतात आणि वरचे हिरवे. म्हणजे लाल चांगलं, हिरवं वाईट, मायनस अकरावाला पहिला आणि प्लस सहावाला घरी. त्याने पाच मिनिटं बोर्डाकडे टक लावून पाहिलं, चेहरा पडला त्याचा, आणि "हे मला जमणार नाही, मला धडधडतंय" म्हणून झोपायला गेला.

सासूबाईंचं मात्र वेगळं. त्यांची झोप तीनलाच उडते, आणि उठल्यावर घरात कोणीतरी जागं आहे म्हणून त्या येऊन बसायला लागल्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी शाल घेतली आणि विचारलं, "तो बॅगवाला कोण गं? त्याला काही देतात का?" म्हणलं आई, त्याला कॅडी म्हणतात, आणि हा जिंकला तर बक्षिसाच्या साधारण दहा टक्के त्याचे. बक्षीस किती? २०२५ च्या मास्टर्सला पहिल्याला ४२ लाख डॉलर. सासूबाईंनी गप्प बसून मनात हिशोब केला आणि म्हणाल्या, "मग आपल्या बबनला का नाही शिकवत हे?" बबन म्हणजे माझा नवरा.

एलआयव्हीचं प्रकरण तर त्यांना माझ्या आधी कळलं. सौदीचा पैसा आला, एलआयव्ही नावाची नवी टूर, म्हणजे स्पर्धांची वेगळी मालिका निघाली, मिकलसन, डस्टिन जॉन्सन, मग कोप्का, डीशॅम्बो असे एकेक मोठे खेळाडू तिकडे गेले, आपला पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरीसुद्धा गेला. नव्या टूरची पहिली स्पर्धा जून २०२२ मध्ये, आणि त्याच महिन्यात आपले आमदार सुरत-गुवाहाटी करत होते. त्यामुळे मला फक्त सुरुवात करावी लागली. "म्हणजे मूळ पक्ष कोणाचा हा वाद," त्या म्हणाल्या. बरोबर. वर्षभराने जुनी टूर आणि नवी टूर एकत्र येणार अशी घोषणा झाली तेव्हा जगभरचे गोल्फवाले हादरले होते, आमच्या घरी कोणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

स्कॉटी शेफलर हा सध्याच्या काळातला सगळ्यात भारी खेळाडू, आणि सांगायला सगळ्यात कंटाळवाणा, कारण तो सरळ मारतो आणि जिंकतो. पण नशिबाने त्याच्या आयुष्यात खेळाबाहेर गोष्टी घडतात. मे २०२४, लुईव्हिल, पीजीएचा दुसरा दिवस, आधीच्या अपघातामुळे गेटपाशी रस्ता अडवलेला, हा गाडी घेऊन आत जायला गेला आणि पोलिसांनी बेड्या घालून नेलं. जगातला एक नंबर! आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन-चार, मी काउंटरवर, आणि मला हे कोणाला तरी सांगायचंच होतं. शेजारच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या "कोण?" रांगेतल्या काकांना सांगितलं, ते म्हणाले "ते राहू दे, पासबुक छापून द्या आधी." आणि त्याने केलं काय, तर कोठडीत स्ट्रेचिंग केलं, सुटला, वेळेवर खेळायला हजर झाला आणि ६६ मारले. नंतर सगळे आरोपही मागे घेतले. एवढी मोठी गोष्ट मी दिवसभर एकटी पोटात घेऊन बसले होते.

त्याच शेफलरने त्या वर्षीच्या नाताळात राविओली करताना काचेचा वाईनग्लास वापरला, तो फुटला आणि तळहातात घुसला, ऑपरेशन करावं लागलं. राविओली म्हणजे काय हे मी सासूबाईंना मोबाईलवर फोटो दाखवून सांगितलं. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला. "अगं ही तर करंजीच की. एवढा कोट्यधीश माणूस, घरात एक कातणं नसावं?"

पण जीव खरा लागलाय तो रोरी मॅकलरॉयवर, आणि रोरीवर जीव लावणं म्हणजे बीपीच्या गोळीची सोय करणं. उत्तर आयर्लंडचा पोरगा, बापाने क्लबात साफसफाई आणि बारचं काम केलं, आईने कारखान्यात रात्रपाळ्या केल्या, हे कळल्यावर सासूबाईंनी तो दत्तकच घेतला. २०१४ पर्यंत चारपैकी तीन वेगवेगळ्या मेजर जिंकून झालेल्या, राहिली एकटी मास्टर्स. तीच २०११ मध्ये शेवटच्या दिवशी चार शॉटची आघाडी असताना घालवलेली, त्या दिवशी ८० मारले होते. पुढे २०२४ च्या यूएस ओपनला अडीच फुटांवरून पट, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचा शेवटचा हलका टोला, चुकला. अडीच फूट! आमच्या देव्हाऱ्यापासून पाटापर्यंत जास्त अंतर आहे.

तर २०२५ ची मास्टर्स. शेवटचा राउंड आपल्या मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू, रोरीकडे दोनची आघाडी, आणि पहिल्याच होलला डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन फटके जास्त. संपली आघाडी. मी उशी तोंडावर धरली. मग सावरला, पुढे गेला, चार शॉटनी पुढे, मला वाटलं चला आज झोपायला तरी मिळेल. तेराव्या होलला तिसरा शॉट, हातात वेज म्हणजे बॉल उंच उडवायची काठी, समोर हे एवढं मोठं हिरवळीचं मैदान डावीकडे मोकळं, आणि उजवीकडे ओढा. कोणीही सांगेल डावीकडे मार. बॉल उंच गेला, उजवीकडे पडला, गवतावर टप्पा घेतला आणि घरंगळत ओढ्यात. तो वाकला आणि गुडघ्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला. नेमक्या त्याच वेळी सासूबाई उठून आल्या. "काय झालं?" "पाण्यात मारला." "कोणी सांगितलं होतं पाण्यात मारायला?" हा प्रश्न मोठमोठ्या तज्ज्ञांनी दुसऱ्या दिवशी पानंच्या पानं भरून विचारला, पण इतका मुद्देसूद नाही.

पुढचे दोन तास मी सांगण्याच्या अवस्थेत नव्हते. पंधराव्याला झाडांच्या बाजूने वळवून असा काही शॉट मारला की बॉल होलपासून काही फुटांवर, आणि मग तो छोटा पट घालवला. सतराव्याला सुंदर मारला. तिकडे जस्टिन रोझने शेवटच्या होलला लांबून पट घालून बरोबरी केलेली, आणि रोरीला अठराव्याला पाचेक फुटांचा पट घातला की संपलं. अर्थातच चुकला. सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली होती ती मध्येच थांबवून म्हणाल्या, "याला चष्मा लागलाय का बघा कोणीतरी."

प्लेऑफ. म्हणजे परत तोच अठरावा होल. तिकडे जाताना कॅडी त्याला म्हणाला म्हणे, की सोमवारी सकाळी कोणी हे देऊ केलं असतं तर आपण आनंदाने घेतलं असतं. हा हॅरी डायमंड, लहानपणापासूनचा मित्र, लोकांनी वर्षानुवर्षं त्याच्या नावाने बोटं मोडली. आणि त्या वाक्यानंतर रोरीने वेजने बॉल असा टाकला की उतारावरून मागे येऊन होलजवळ थांबला. आता चुकायला जागाच ठेवली नाही. घातला, आणि गुडघ्यावर पडून रडला. चारही मेजर जिंकणारा जगातला सहावा माणूस. आपल्याकडे पावणेपाच वाजत आले होते. मी ओरडले. नवरा टॉर्च घेऊन आला. सासूबाई डोळे पुसत होत्या, त्याला वाटलं गावाकडून काही बातमी आली.

नशीब माझं की तो सोमवार १४ एप्रिल होता, आंबेडकर जयंती, बँकेला सुट्टी. फॅमिली ग्रुपवर मी सातला लिहिलं, "रोरी जिंकला!!!" मामेभावाने विचारलं, "कुठल्या वॉर्डातून?"

तसा हा ग्रुप एकदा गोल्फमय झाला होता. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिक, शनिवार सकाळ, महिन्यातला पहिला शनिवार म्हणजे बँक चालू. अदिती अशोक तीन राउंडनंतर दुसरी, कॅडी म्हणून सोबत तिची आई. ज्यांना बोगी म्हणजे रेल्वेची एवढंच माहिती होतं ते काका "पटिंग चांगलंय पण ड्राइव्ह आखूड पडतोय" असं लिहीत होते. ती चौथी आली, एका शॉटने मेडल गेलं, सगळे हळहळले. संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकला आणि ग्रुपवरचे एकूण एक गोल्फतज्ज्ञ रात्रीत भालाफेकीचे झाले. पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिम्पिकमध्ये गोल्फ खेळून आला हे मी तेव्हा सांगून पाहिलं. दोन अंगठे आले, त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.

मास्टर्सनंतर महिन्याभराने पीजीए होती. सासूबाईंनी दुपारीच झोप काढून ठेवलेली, पण रोरीचं काही जमलं नाही, सत्तेचाळिसाव्या नंबरला वगैरे राहिला बिचारा. रविवारी रात्री शेवटी शेवटी कॅमेरा सारखा एकाच उंच, दाढीवाल्या माणसावर. आरामात पाच शॉटनी जिंकला. त्याने टोपी काढून जमिनीवर आपटली तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुढे सरकवून टीव्हीजवळ तोंड नेलं.

"हा तोच ना गं, कातणं नसलेला?"