सत्तावीसपट आला कुठून?

मामींचा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा माझी इंजेक्शनं फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी होती. ‘मुलासाठी घेतलेली हॉर्मोनची इंजेक्शनं म्हणजे कॅन्सरला आवतण. अंडाशयाचा धोका सत्तावीसपट, स्तनाचाही. गोळी तर चक्क कॅन्सरचीच देतात.’ खाली हात जोडलेले. ग्रुपवर गप्प बसले. इथे बोलते.

गोळी म्हणजे लेट्रोझोल, स्त्रीबीज तयार व्हावं म्हणून देतात ती. पाकिटातल्या कागदावर ‘स्तनाचा कर्करोग’ असतं, कारण ते त्यावरचं औषध आहे! क्रोसिनच्या पाकिटावर ताप लिहिलेला असतो म्हणून क्रोसिनने ताप येत नाही. भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली, 2017 मध्ये उठली. पण ती भीती बाळातल्या व्यंगाची होती, कॅन्सरची नव्हे.

सत्तावीस हा आकडा मात्र हवेतला नाही. 1992 च्या एका अमेरिकी विश्लेषणात तो आहे: औषधं घेऊनही कधीच दिवस न गेलेल्या बायका, आणि तुलना वंध्यत्व नसलेल्यांशी. त्या गटात बायका इतक्या मोजक्या, की खरा आकडा 2.3 पासून 315.6 पर्यंत कुठेही बसू शकत होता. आमच्याकडे याला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात.

खरी गोची तुलनेत आहे. कधीच दिवस न गेलेल्या बाईला अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका मुळातच थोडा जास्त, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) असेल तर आणखी. आणि इंजेक्शनं घ्यायची वेळ येते ती बऱ्याचदा याच बायकांवर. ब्रिटनमध्ये 1991 ते 2010 दरम्यान उपचार घेतलेल्या 2,55,786 बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अंडाशयाचे कर्करोग अपेक्षित होते 292, निघाले 405. वाढ आहेच. पण ती एंडोमेट्रिऑसिस असलेल्या किंवा बाळंतपणं कमी झालेल्या बायकांत. ज्यांच्याकडे दोष फक्त नवऱ्याच्या शुक्राणूंत होता, त्यांनीही अशीच इंजेक्शनं पोटात टोचून घेतली. त्यांच्यात वाढ दिसली नाही. औषधच गुन्हेगार असतं तर त्यांना का सोडलं असतं?

स्तनाचा कर्करोग तिथे एकूणात वाढलेला नव्हता. नेदरलँड्समध्ये उपचार घेतलेल्या बायकांचा सुमारे 21 वर्षं पाठपुरावा केला, तिथेही नाही.

मामींच्या बाजूने एक गोष्ट. क्लोमिफेन ही स्त्रीबीजासाठीचीच दुसरी गोळी. ती बारा किंवा जास्त पाळ्यांत घेतलेल्यांत अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचं 1994 च्या सिएटलच्या अभ्यासात दिसलं होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ते ठाम झालं नाही, तरी सहा पाळ्यांपुढे ती सहसा देत नाहीत. जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून महिनोन्महिने आणत असाल तर थांबा. आणि आई-मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.