कोयनेत ‘गुलाबी खवल्या’ सापडलेला नाही

पाटणच्या मामांनी परवा रात्री तो व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, “हे आपल्याकडं घावतं का रं?” मुठीत मावेल एवढा गुलाबी प्राणी वाळूत शिरतोय. मजकूर असा: कोयनेच्या जंगलात खवल्या मांजराची नवी जात सापडली, शास्त्रज्ञांनी तिला अजून नावही दिलेलं नाही, तिचं कवच तिजोरीत ठेवलं की पैसा हटत नाही. आठवड्यात तिसऱ्यांदा आलाय हा मेसेज. आता मामाच विचारतायत, म्हणून लिहितोय.

नाव नाही म्हणे! 1825 साली फिलाडेल्फियाच्या डॉ. रिचर्ड हार्लन यांनी अर्जेंटिनातल्या मेंदोझाचा नमुना तपासून व्हिडिओतल्या याच प्राण्याचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं क्लॅमिफोरस ट्रंकेटस. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते. क्लॅमिस म्हणजे ग्रीकमध्ये झगा, फोरस म्हणजे वागवणारा, ट्रंकेटस म्हणजे लॅटिनमध्ये छाटलेला. पाठीवर झूल टाकल्यासारखं सैल कवच आणि मागची बाजू सुरीनं कापल्यासारखी सपाट. हा सगळ्यांत छोटा आर्माडिलो, म्हणजे अमेरिका खंडातला अंगावर कवच असलेला प्राणी. मध्य अर्जेंटिनाच्या कोरड्या वाळूतला जीव, कोयनेच्या पावसात कुठून येणार?

खवल्याचा तो भाऊबंद, हे एके काळी शास्त्रज्ञही मानत, एवढं कबूल. दात नसलेले किंवा नावापुरते असलेले प्राणी म्हणून दोघांना एकाच गटात घालत. आता ते मोडीत निघालंय. आर्माडिलोचे सोयरे स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा सुस्त प्राणी) आणि मुंगीखाऊ; आपल्या खवल्याचे कुत्री-मांजरं. म्हणजे आपल्या जुन्या माणसांनी ‘मांजर’ म्हटलं तेच जास्त जवळचं.

खरा राग तिजोरीच्या ओळीचा आहे. गुलाबी प्राणी इथं कुणाला सापडणार नाही, पण शोधायला बाहेर पडलेल्या पोरांना आपला खवल्या सापडेल. ढेबेवाडीच्या रस्त्यावर एकदा रात्री गाडीच्या उजेडात तो दिसला होता. पळाला नाही. डोकं पोटाशी घेतलं, शेपूट वरून गुंडाळली आणि तिथंच गोळा होऊन पडला. बिबट्यापुढं हे चालतं. पोतं घेऊन आलेल्या माणसापुढं नाही, तो सरळ उचलून नेतो. आणि कशासाठी? खवला म्हणजे केराटिन, आपली नखं ज्याची असतात तेच. त्यात ना औषध, ना लक्ष्मी. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे हा. मारला किंवा खवले विकले तर 3 ते 7 वर्षं तुरुंग.

मामांना सांगितलंय, वारुळाजवळ खवल्या दिसला तर हात लावू नका, वनखात्याच्या 1926 वर फोन करा. आणि तो व्हिडिओ पुढं ज्यांना पाठवलात, त्यांनाही हे सांगा.