फाइल सुनेचीच का जाड?

वंध्यत्वाच्या जनुकीय कारणांवरचा लेख चांगला आहे, पण नवऱ्याची बाजू दोन ओळींत उरकलीत, ते पटलं नाही. मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. बार्शी, अक्कलकोटकडून सासू सुनेला घेऊन येते, हातात जाडजूड फाइल, आणि त्यात मुलाचा साधा वीर्यतपासणीचा रिपोर्टसुद्धा नसतो. का, तर "त्याला काय धाड भरलीय?"

अहो, क्लाइनफेल्टर नावाच्या विकारात पुरुषाला एक्स गुणसूत्र जास्तीचं असतं आणि अनेकांना ते मूल होत नाही तेव्हाच कळतं. वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असला तरी शुक्राणू अगदी कमी किंवा शून्य. अशाला इक्सी (एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचणं) करून मुलगा झाला तर दोष त्या मुलाकडेही जातो, हे आधीच सांगायला हवं. बाईकडे एफएमआर१ जनुकातल्या बदलाने पाळी चाळिशीआधी बंद पडू शकते, तेही आहेच.

वारंवार गर्भपात होत असतील तर कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, दोघांचीही करतात, कारण गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल कुणातही असू शकते. ज्याच्यात ती असते त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो.

शिवाय आपल्याकडे मामाची मुलगी करतात. दोघांत एकच दबलेला दोष (म्हणजे एकाकडूनच आला तर त्रास न देणारा) असला तर दोघंही ठणठणीत, पण दर गर्भाला तो दोन्हीकडून येऊन आजार होण्याचा २५ टक्के धोका. काही दोषांत गर्भ टिकतच नाही. मग दोष कुणाच्या माथी मारणार? नात्यातलं लग्न असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. फॉर्मवरचा तो रकाना लोक बिनधास्त कोरा सोडतात.